आईच्या फोटोवरचं नाव

मी मोटारी भरतो. परंड्यात बसस्टँडच्या मागं माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची जळालेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. या धंद्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो. मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणतो, काहीच केलं नाही, आपोआप जळाली. आपोआप काही जळत नसतं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. म्हणून माझा स्वभाव संशयी झालाय असं बायको म्हणते. ते खरं आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

लॉकडाऊनमध्ये दुकानाचं शटर खाली होतं तेव्हा मी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'गजराबाईचा मुलगा'. किल्ल्याचे बुरूज, गावातल्या जुन्या बारवा, आठवडी बाजारातली माणसं, असे माझे मीच काढलेले फोटो टाकायचो आणि खाली चार ओळी लिहायचो. वर्षभरातच किल्ल्यातल्या तोफेचा माझा फोटो कुण्या फिरस्त्यानं स्वतःच्या पानावर खुशाल आपला म्हणून लावला. मी चवताळलो. कॉपीराइटचा कायदा वाचून काढला, त्याला कलमांसकट लिहिलं आणि फोटो उतरवायला लावला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फोटोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं नाव असतं, 'श्रीमंत, परंडा. परवानगीशिवाय वापरू नये.' त्यामुळं फोटोतलं काही दिसत नाही, अशी माझ्या मुलीची तक्रार आहे. पण चोराला तरी कुठं दिसतं?

माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलेला लेख मात्र किल्ल्याचा नाही. तो आईच्या हातांचा आहे. आई गेली तेव्हा मी अंगणात नुकता पळायला लागलो होतो. मला तिचं काहीच आठवत नाही. वडील तेव्हा मुरूम गावच्या बाजारात आडतीवर कामाला होते, तिथंच ती गेली, आणि मग वडील आम्हा दोघा भावंडांना घेऊन परंड्याला परतले. सोबत तिचा एकच फोटो आला. काळापांढरा, वरून हातानं रंग दिलेला. खुर्चीत बसलेली आई, अंगावर टोपपदराची इरकल, गळ्यात जाड काळी पोत, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. मऊ, भरलेले हात. डाव्या करंगळीत खड्याची अंगठी. चेहऱ्याकडं मला फार वेळ बघवायचं नाही, म्हणून मी हातांकडं बघत मोठा झालो. त्या हातांवर मी लिहिलं, आणि लोकांनी रडून रडून प्रतिक्रिया दिल्या. फोटोवर अर्थातच माझं नाव आहे, बरोबर छातीवरून.

आता त्या अंगठीबद्दल सांगतो. ती आम्हाला कधीच मिळाली नाही. वडिलांच्या पेटीत नव्हती, मामाकडं नव्हती. राहिली कोण? माझी थोरली बहीण दैवशाला. मी तिला अक्का म्हणतो. आई गेली तेव्हा ती हाताशी आलेली पोर होती. तिनंच मला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, हे सगळं मान्य. पण अंगठीचा विषय काढला की ती उठून आत जायची. मी लेख वाचून दाखवायला लागलो तेव्हाही हातांचं वर्णन आलं आणि ती दूध उतू जाईल म्हणून गेली. गॅसवर दूध नव्हतंच, मी बघून आलो. तिच्या मुलीच्या लग्नात तर मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, की आता अंगठी बाहेर काढायला हरकत नाही. ती काही बोलली नाही. काहीच बोलली नाही याचा अर्थ मी माझ्या पद्धतीनं लावला.

हे असं असताना गेल्या चैत्रात तो प्रकार घडला.

दर रविवारी आंघोळ झाली की मी माझे फोटो एकेक करून शोधाला लावतो. फोनमध्ये आपला फोटो टाकला की तो जगात आणखी कुठं कुठं वापरलाय ते दिसतं. त्या रविवारी आईचा फोटो टाकला आणि खाली मुरूमच्या कुणा निकिताचा ब्लॉग आला. विषय होता इरकल साड्या. त्यात एक फोटो होता. तीच खुर्ची, तोच कागदी फुलांचा गुच्छ, तीच साडी, तेच एकावर एक हात, तीच करंगळी, तीच अंगठी. अन् मानेवर भलत्याच बाईचं तोंड. खाली लिहिलं होतं, 'माझी अज्जी, तिच्या लग्नातल्या इरकलीत.'

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. किल्ल्याची तोफ चोरली ते एकवेळ समजू शकतो. पण माझ्या आईचं डोकं काढून तिथं आपली आजी बसवायची? माझं आडवं नावही सफाईनं पुसलेलं. आजकाल मोबाईलवर पोरं दोन बोटांनी हे करतात, मला माहीत होतं.

पण इतका स्वच्छ फोटो हिच्याकडं आला कुठून? ब्लॉगवरचा तर बारीक आहे. मूळ फ्रेम माझ्या घरात आहे. फक्त एकदा काच फुटली म्हणून अक्का ती येरमाळ्याला आपल्या घरी घेऊन गेली होती आणि महिनाभर फ्रेम तिच्याकडंच राहिली होती. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी तिला फोन लावला. फोटोचं सांगितलं, मुरूमचं नाव घेतलं. तर म्हणाली, "जाऊ दे की श्रीमंता. असतंय एखाद्यासारखं एखादं. तू मुरूमला जाऊ नको." मी जाणार असल्याचं तिला सांगितलंच नव्हतं. मग हिला जाऊ नको म्हणायची गरज काय पडली? तिथंच मी जायचं ठरवलं.

आधी कायद्यानं वागलो. निकिताला रीतसर लिहिलं. फोटो उतरवा. माणूस पैसे देऊन स्वतःचा किंवा घरच्यांचा फोटो काढून घेतो तेव्हा, वेगळा करार नसेल तर, त्या फोटोचा हक्क पैसे देणाऱ्याकडं जातो, फोटोग्राफरकडं नाही. हा फोटो माझ्या वडिलांनी मुरूमच्या स्टुडिओत पैसे मोजून करून घेतला, सबब तो आमचा. संध्याकाळी उत्तर आलं. 'तुमचा ब्लॉग बघितला. आमच्या अज्जीच्या अंगावर तुम्ही दुसऱ्या बाईचं तोंड का लावलंय, हे आधी सांगा. फोनवर नको, समोर या.' म्हणजे चोर तो चोर, वर माझ्यावरच आळ. मी भिंतीवरची फ्रेम उतरवली, हार काढला, फ्रेम चादरीत गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी बार्शी, सोलापूर करत निघालो. एसटीत शेजारच्या माणसानं काय आहे म्हणून विचारलं, तर आरसा आहे म्हणून सांगितलं. उगाच कुणाला कशाला काय सांगायचं?

येणेगूरला महामार्ग सोडून गाडी मुरूमकडं वळली, तसं मला वाटायला लागलं की इथं सगळे एकमेकांना ओळखत असणार, सगळे तिच्याच बाजूनं बोलणार. घर विचारलं तर पानवाल्यानं आधी मला, मग चादरीला नीट बघून घेतलं. निकितानं दार उघडलं, पण पूर्ण नाही. पंचविशीची पोरगी, गळ्यात लिंग, हातात मोबाईल. तो तिनं असा धरला होता की मला खात्री होती, ती माझं बोलणं भरून घेतेय. मी पण खिशातल्या फोनवर तेच सुरू केलं होतं, म्हणून काही बोललो नाही.

आत पलंगावर एक म्हातारी पाय सोडून बसली होती. निकिता म्हणाली, ही शांतम्मा, माझी अज्जी. म्हातारीनं बस म्हणून हात केला. तो डावा हात होता. सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या. पण करंगळीत खड्याची अंगठी होती.

मी उभ्याउभ्याच विचारलं, ही अंगठी तुमच्याकडं कुठून आली. आवाज चढलाच माझा. निकिता पुढं झाली, पण म्हातारीनं तिला थांबवलं. सासऱ्यांनी लग्नात घातली, ती बोटातून निघतच नाही, म्हणाली. मी मनात म्हटलं, सासऱ्यानं घातली की कुणी विकली, ते बघू. चादर सोडली आणि फ्रेम टेबलावर ठेवली. म्हातारी वाकली, डोळ्यांजवळ हात नेला, बराच वेळ बघत राहिली. मग हसायलाच लागली. मला त्या हसण्याचा राग आला.

निकितानं कपाटातून एक फोटो आणला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात शांतम्मा एकटी नव्हती. शेजारी काळ्या कोटातला तिचा नवरा बसला होता, आणि कोटाची बाही तिच्या खुर्चीच्या हातावर आली होती. निकितानं ब्लॉगसाठी आजोबांना कापलं होतं, एवढंच. मी तो फोटो उलटा केला, वास घेतला, नखानं कोपरा उचकटून बघितला. नवा करून जुना दाखवला असेल असं मला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं. पण आमच्या फ्रेममध्ये, आईच्या उजवीकडं, खुर्चीच्या हातावर एक काळा डाग होता. लहानपणापासून मी तो ओल लागल्याचा डाग समजत होतो. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तो डाग म्हणजे काळ्या कोटाची बाही होती.

मी खाली बसलो. या वेळी कुणी बस म्हणालं नव्हतं.

मग शांतम्मानं सांगितलं, मराठीत, मधूनमधून कन्नड मिसळत. इथं सिद्रामप्पा म्हणून फोटोवाला होता. त्या काळी बाई गेली की लोक रडत त्याच्याकडं यायचे, भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून. आणि फोटो तर कुणाचा काढलेलाच नसायचा. असला तर लग्नाच्या घोळक्यात, मागच्या रांगेत, नुसतं तोंड. सिद्रामप्पा ते तोंड कापायचा आणि दुकानाच्या काचेत लावलेल्या चांगल्या फोटोतल्या अंगावर चिकटवायचा. पुन्हा फोटो काढायचा. सांधा दिसू नये म्हणून गळ्यात ब्रशनं जाड पोत रंगवायचा. काचेत सगळ्यात चांगली साडी शांतम्माची होती.

"तम्मा, माझ्या अंगावर ह्या गावातल्या चार-पाच बाया गेल्या," ती म्हणाली. "मी कुणाकडं हळदीकुंकवाला जायची, तर भिंतीवर माझंच लुगडं, माझेच हात, आणि वर हार. सासू लई भांडली त्याच्याशी. जितीजागती सून माझी, तिला हार घालताय म्हणून. तर तो म्हणाला, काय करू, त्या बायांना चांगलं लुगडं कधी मिळालंच न्हाय, मेल्यावर तरी मिळू दे."

निकितानं फोन उघडला आणि माझंच पत्र मला वाचून दाखवलं. पैसे देऊन फोटो काढून घेतला तर हक्क पैसे देणाऱ्याचा. जोडीच्या फोटोचे पैसे तिच्या आजोबांनी दिले होते. ती रागावून वाचत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. चार वर्षं मी दुसऱ्याचा फोटो माझ्या ब्लॉगवर लावून वर लिहीत होतो, परवानगीशिवाय वापरू नये. लोकांनी ज्या हातांसाठी डोळे पुसले ते हात इथं पलंगावर बसून सुपारी कातरत होते.

आणि आईचं काय राहिलं मग? हनुवटीपासून वर, अंगठ्याएवढं. तेही घोळक्यातून कापून आणलेलं. मला रडायला आलं, परक्या घरात.

मी हात जोडले. ब्लॉगवरून फोटो आजच उतरवतो म्हणालो. पण भिंतीवरचा राहू द्या, दुसरा नाही माझ्याकडं. आयुष्यात मी पहिल्यांदा कुणाकडं फोटोची परवानगी मागत होतो. शांतम्मानं फ्रेमवरून पदर फिरवला, काच पुसल्यासारखा.

"ठेव की," ती म्हणाली. "मी काय घिऊन जाणार हाय? फक्त हार आखूड घाल. मानेपुरता. माझ्या हातावर येऊ देऊ नको, मी अजून हाय."

परत जाताना मी सोलापूरची गाडी धरली नाही. तुळजापूर, धाराशिव करत येरमाळ्याला उतरलो. अक्काचं येडेश्वरीच्या देवळाच्या वाटेवर नारळ, हळदीकुंकू आणि हारांचं दुकान आहे. चैत्राची यात्रा नुकतीच सरली होती. देवीसाठी चुन्याच्या रानात खडे वेचायला आलेली माणसं आपापल्या गावी गेली होती, आणि ती उरलेली शेवंती ओवत बसली होती. माझ्या काखेतली चादर तिनं बघितली आणि सुई थांबवली. कुठून आलो ते तिनं विचारलं नाही.

मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का. ती व्हय म्हणाली. वडिलांबरोबर स्टुडिओत तीच गेली होती. कुठली साडी पाहिजे म्हणून सिद्रामप्पानं विचारलं तेव्हा काचेतल्या शांतम्माकडं बोट तिनंच केलं होतं.

मग अंगठी, एवढंच मी म्हणालो.

"आईला अंगठी कुठली," अक्का म्हणाली. "अन् घालायची कशात? डाव्या हाताची करंगळीच नव्हती तिला. माहेरी कडबा तोडताना कुऱ्हाडीखाली गेली, बारकी असताना."

मला माझा लेख आठवला. त्यात मी आईच्या त्या करंगळीवर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, की याच करंगळीला धरून मी चालायला शिकलो असणार. तो मी अक्कासमोर वाचला होता, आणि ती नसलेलं दूध बघायला आत गेली होती.

"मग सांगायचं की मला," मी म्हणालो. "मी तुला चोर म्हणत होतो अक्का. पोरीच्या लग्नात म्हणालो."

तिनं फुलातली सुई काढून चोळीला टोचली. "तू बारका होतास तवा रोज फोटो खाली घ्यायला लावायचा, अन् त्या हातावर हात ठिवून झोपायचा. त्याबिगर झोपत नव्हतास. मोठा झाल्यावर सांगू म्हनलं, तर तू लिहायलाच लागलास. म्या म्हनलं, चोर तर चोर. तुझ्या आईचे हात काढून घिऊन म्या काय करू?"

तिनं माझ्या हातातून फ्रेम घेतली, चादर काढली, दुकानातल्या फळीवर नारळांना टेकवून उभी केली. मी शांतम्माची अट सांगितली. अक्कानं ओवलेला हार उचलला, फोटोवर धरून बघितला आणि निम्म्यातून तोडला. गाठ मारली. हार मानेपुरता बसला. खालचे हात मोकळे राहिले, आणि पहिल्यांदाच मला ते परक्या बाईचे दिसले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी आईचा चेहरा बघितला. नीट, बराच वेळ. घोळक्यातून उचलल्यामुळं ती आपल्याकडं बघतच नव्हती, बाजूला कुणाकडं तरी बघत होती. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अक्का, कसे होते गं तिचे हात?"

अक्कानं थोडा विचार केला. मग पदराला हात पुसले. डावा हात माझ्यासमोर धरला आणि करंगळी आत दुमडून घेतली. काळा, राठ हात. बोटांच्या पेरांवर सुईची भोकं, नखांत हळद. चारच बोटं.

"असा," ती म्हणाली. "डावखुरी होती, ह्याच हातानं तुला घास भरवायची. बोट कमी म्हणून भात सांडायचा, मग तू हसायचास."

मी त्या हातावर हात ठेवला. दुकानासमोरून माणसं देवीकडं जात होती, एकानं नारळ मागितला, अक्कानं त्याला थांब म्हणून मान हलवली. हात मागं घेतला नाही. खूप वेळानं मी खिशातून फोन काढला. तो मुरूमपासून अजून बोलणं भरतच होता, ते बंद केलं.

"अक्का, ह्या हाताचा फोटो काढू का?"

"काढ," ती म्हणाली. "पण त्याच्यावर आडवं तुझं नाव टाकू नको."